बरणीच्या चार बाजू

चौसष्ट तास. मग अर्धं. आणखी चौसष्ट तास. मग त्या अर्ध्याचं अर्धं.

लालबागच्या मसाला गल्लीत, मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी, मसाला कांडणाऱ्या डंखासमोर सात बायका आणि एक म्हातारा. बायका गप्पा मारतायत. म्हातारा प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून मिरच्यांवरची नजर काढत नाही. त्याला शिंका येतात. तो उठत नाही.

यकृत: १५८० ग्रॅम. गाठ: १९० ग्रॅम. पुढचा रकाना नाही.

लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई म्हणते, ‘बाविसावा मजला’. एकदा तिला चुकून ‘थँक्यू’ म्हटलं गेलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये दुसरं कुणी असलं की ओठ मिटून ठेवायचे.

दहा किलो आत, नऊ किलो सातशे बाहेर. मधल्या तीनशे ग्रॅमला घट म्हणतात.

छातीवरचा किरणं मोजणारा बॅज दर तीन महिन्यांनी तपासून परत येतो. शेरा: नोंदण्याइतकं काही नाही.

१.२ । १.२ । १.२ । १.२

हे शेवटचे चार आकडे कालिंदीला शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला दिसले, फाइल बंद करता करता. अक्षर तिचंच. एकच्या डोक्यावर शेंडी काढायची तिची शाळेपासूनची सवय, ती चारही ठिकाणी होती. तिने चष्मा काढला, ओढणीला पुसला, पुन्हा लावला, आणि उगाचच वर पंख्याकडे पाहिलं. परळच्या या मोठ्या हॉस्पिटलाच्या तळघरात ती चोवीस वर्षं मोजण्याचं काम करत होती. माणसं बरी करणारे डॉक्टर वरच्या मजल्यांवर. माणसाच्या अंगात किरणांचा किती डोस गेला ते सांगणारी कालिंदी खाली. यकृताच्या गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी शोधून डॉक्टर तिच्यात बारीक नळी सरकवतात आणि नळीतून काचेचे मणी सोडतात, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, दहा लाखांच्या आसपास. प्रत्येक मणी किरणं टाकणारा. ते गाठीत जाऊन अडकतात आणि तिथेच बसून हळूहळू विझतात, दर चौसष्ट तासांनी अर्धे. आत नेमके किती गेले हे आत जाऊन कुणाला मोजता येत नाही. ते उलट्या बाजूने मोजायचं: आधी कुपीत किती होतं आणि नंतर मागे किती राहिलं. रिकामी कुपी, नळ्या, हातमोजे, रक्ताचे बोळे, सगळं एका जाड प्लॅस्टिकच्या बरणीत जातं. बरणी खुणेवर ठेवायची, मीटर तीस सेंटिमीटरवर धरायचा आणि वाचायचं. मग बरणीला पाव फेरा द्यायचा, पुन्हा वाचायचं. असं चार वेळा. कारण आत काय कुठे चिकटून बसलंय ते दिसत नाही. एखादी नळी पलीकडच्या भिंतीला टेकली असली तर अलीकडून बरणी जवळजवळ रिकामी वाटते. चार चौकटी त्यासाठी. आणि चोवीस वर्षांत चार बाजू सारख्या आलेल्या कालिंदीने एकदाही पाहिल्या नव्हत्या.

तिने मंगळवारी एकच बाजू वाचली होती आणि चारही चौकटी भरल्या होत्या. खोटं लिहायचं म्हणून नव्हे. हात आपला आपण लिहून गेला होता. एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत कुणी तिला सांगितलं असतं की तुझा हात तुला न विचारता काही लिहील, तर ती हसली असती. आता ती एकावन्न वर्षांची होती. गेल्या दोन वर्षांत हाताने, पायाने, तोंडाने तिला न विचारता बऱ्याच गोष्टी केल्या होत्या. लिफ्टला थँक्यू. आई गेल्यावर महिनाभर दोन वाट्या तांदूळ. एकदा करी रोडच्या पुलावरून उतरून ती सरळ जुन्या, कधीच पाडलेल्या चाळीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली होती, आणि फाटकाच्या जागी आपल्याच टॉवरचा वॉचमन ‘मॅडम, गेट उधर है’ म्हणाला होता. पण ते सगळं घरचं. हा कागद होता. कागदाखाली सही होती. सहीच्या वर छापलं होतं: रोग्यास मिळालेला डोस, ठरलेल्याच्या अठ्ठ्याण्णव टक्के.

रोगी म्हणजे गुणाजी. वय एकाहत्तर, राहणार लालबाग. नावावरून तिला मंगळवारी काहीच आठवलं नव्हतं.

मंगळवारी सगळं नीट चाललं होतं, हेच तर. गुणाजी टेबलावर जागे होते. मांडीपाशी बधिर करतात तेवढंच, बाकी माणूस ऐकत असतो, बोलत असतो. डॉक्टर हितेंद्र शिशाचा एप्रन घालून नळी सरकवत होते, पडद्यावर वाहिनी झाडाच्या मुळासारखी पसरत होती. मणी गेले. तंत्रज्ञ बुद्धभूषणने चिमट्याने एकेक वस्तू उचलून बरणीत टाकली आणि बरणी खुणेवर आणून ठेवली. कालिंदीने मीटर धरला. मान डावीकडे किंचित वाकडी करून ती आकडा स्थिर व्हायची वाट बघत होती. एक पूर्णांक दोन. चांगलं होतं. आणि तेवढ्यात टेबलावरून आवाज आला, ‘‘सुभद्रेचा चेडू ना गो तू?’’

सुभद्रा हे कालिंदीच्या आईचं नाव. कुणाला विचारलं ते खोलीत दुसऱ्या कुणाला कळलं नाही.

‘‘तूच गो. मान वाकडी करून काटो बघतंस, म्हणान वळाखलंय. लालबागात डंखावर तुझी आवस काट्यार बसा. अशीच बघा.’’ मग म्हातारा टेबलावर आडवा पडल्या पडल्या, पोटात दहा लाख मणी घेऊन, खुदखुदून हसला. ‘‘तुझ्या आवशीन आमचो मसालो काय कमी खाल्ल्यान नाय हां!’’

‘‘काका, हलू नका,’’ हितेंद्र म्हणाले. बुद्धभूषण मास्कच्या आत हसला. त्याचे खांदे हलले. कालिंदी वळली, तिने पेन घेतलं, आणि चार चौकटी भरल्या.

त्यानंतरचं तिला आठवत होतं ते एवढंच की जेवणाचा डबा तिने उघडला नाही. बुधवारी गुणाजींना घरी सोडलं. त्यांच्या हातात सूचनांचा कागद द्यायचं कामही तिचंच होतं, पण तिने तो बुद्धभूषणबरोबर पाठवला.

‘‘बुद्धभूषण, मंगळवारची बरणी कुठाय?’’ तिने शुक्रवारी विचारलं तेव्हा तो संगणकावर कसला तरी फॉर्म भरत होता.

‘‘मागे शिशाच्या कपाटात. विझायला टाकली ना. का, मॅडम? कोण विचारतंय?’’

‘‘मीच.’’

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता उठला आणि किल्ल्या घेऊन आला. मागच्या खोलीला खिडकी नाही. कपाटात निरनिराळ्या तारखांच्या चिठ्ठ्या लावलेल्या बरण्या रांगेने बसलेल्या. मंगळवारची पुढेच होती. त्याने ती दोन्ही हातांनी धरून खुणेवर ठेवली, मंगळवारी होती तशीच, चिठ्ठी भिंतीकडे. ‘‘बाहत्तर तास झाले,’’ तो म्हणाला. ‘‘निम्म्याच्याही खाली आलं असेल.’’ तेवढं गुणून घेता येत होतं. जे विझलं त्याचा हिशेब चोख असतो. या धंद्यातली ती एकच खात्रीची गोष्ट. कालिंदीने मीटर धरला. आकडा स्थिर व्हायला अर्धं मिनिट लागतं. बुद्धभूषण दाराशी जाऊन उभा राहिला. कमी वेळ, जास्त अंतर, मध्ये आडोसा: नव्या लोकांना ती पहिल्या दिवशी एवढंच शिकवत असे आणि तो ते पाळत होता.

पहिली बाजू: ०.५५

मंगळवारचंच, विझून एवढं झालेलं. म्हणजे त्या दिवशी वाचलं ते बरोबर वाचलं होतं. या बाजूने बरणी रिकामीच होती. तिने पाव फेरा दिला. आई वजनाच्या काट्यावर बसायची ते लाकडी स्टूल कालिंदीच्या कमरेइतकं उंच होतं. शाळा सुटली की ती तिकडेच जायची, कारण घरी कुणी नव्हतं. वडील ती चार वर्षांची असतानाच गेले होते आणि त्यांच्याविषयी आईच्या तोंडून फार काही आलं नाही. डंख म्हणजे लोखंडी उखळ आणि विजेवर वरखाली आपटणारं लोखंडी मुसळ, अशी सहा एका ओळीत. जमीन थरथरायची. कालिंदी पोत्यावर बसून गृहपाठ करायची आणि तिची अक्षरं नागमोडी यायची. बाईंनी एकदा विचारलं होतं, बसमध्ये लिहितेस का. बायका घरून मिरच्या, धणे भाजून आणायच्या आणि आपला घाणा उतरेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत, कारण मालात दुसरीचा माल मिसळला तर? आई आत जाणारं मोजायची, बाहेर येणारं मोजायची. मधे जे कमी भरायचं ती घट. काही ओल उडून जायची, काही खोकल्यातून गल्लीभर जायची, आणि काही उखळाच्या तळाला, मुसळाच्या मानेला चिकटून राहायची.

दुसरी बाजू: ३.९

ते चिकटलेलं आई काढायची. प्रत्येक घाण्यानंतर काथ्याच्या कुंच्याने उखळ झाडायचं हे तिचं काम होतं, पुढच्या बाईचा मसाला स्वच्छ उतरावा म्हणून. झाडून निघालेली मूठभर पूड ती वर्तमानपत्राच्या पुडीत टाकायची. दिवसभरात पुडी भरायची. मालवणच्या घरचा, रत्नागिरीचा, घाटावरचा काळा, कुणा कोळणीचा तिखटजाळ, सगळे एकात. मालक बघून न बघितल्यासारखं करायचा. त्या पुडीवर त्यांचं घर जेवायचं. कालिंदीने वाढत्या वयात जी आमटी खाल्ली तिची चव दुसऱ्या कुठल्याच घरात नव्हती, कारण ती प्रत्येक घरातली थोडी थोडी होती. मैत्रिणी डबा उघडला की विचारायच्या, तुमचा मसाला कुठला ग? ती म्हणायची, आमचा घरचा. तिला वाटत होतं हे फक्त दोघींना माहीत आहे. आई गेली तेव्हा तिला वाटलं, आता एकटीलाच. चौदा लोक आले होते आईला पोहोचवायला, त्यातले नऊ हॉस्पिटलातले, आणि त्यातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं याचा तिला त्या दिवशी थोडा आधारही वाटला होता. आणि इथे एक माणूस पस्तीस-चाळीस वर्षं ते पोटात ठेवून बसला होता. तो एकटा असेल? की त्या स्टुलांवर बसलेल्या सगळ्याच बायकांना माहीत होतं, आणि त्या आईच्या हाताकडे बघून एकमेकींना कोपर मारत...

‘‘मॅडम, आकडा कधीचा थांबलाय,’’ बुद्धभूषण दारातून म्हणाला.

तिसरी बाजू: १२.५

तो पुढे आला. अंतर विसरून तिच्या खांद्यावरून वाकून त्याने पाहिलं. ‘‘आयला,’’ तो म्हणाला. मग, ‘‘सॉरी.’’ कालिंदीने मीटर खाली ठेवून हात पुसले आणि पुन्हा धरला. साडेबारा. नळीच्या एखाद्या वळणात मणी गुठळी होऊन बसले असणार आणि ती नळी वेटोळं घालून नेमकी या भिंतीला टेकली असणार. मंगळवारी ही बाजू पलीकडे होती. बरणीच्या पलीकडे शिशाची वीट, विटेपलीकडे टेबल, टेबलावर गुणाजी हसत होते. तिला लाज वाटली नव्हती हे तिला आता, या खिडकी नसलेल्या खोलीत, अचानक कळलं. तीन दिवस ती त्याला लाज समजत होती. चोरी पकडली गेल्याची. पण पुढच्या अर्ध्या मिनिटात, आकडा बारा-तेराच्या मध्ये हेलकावे खात असताना, तिला वेगळंच काही आठवलं: मास्कच्या आत तिचा चेहरा मंगळवारी हसला होता. कुणीतरी तिला गो म्हटलं होतं. आई गेल्यापासून दोन वर्षं दोन महिने तिला सगळे मॅडम म्हणत होते, वॉचमन, दूधवाला, डॉक्टर, लिफ्टला येत असतं तर तीही म्हणाली असती. आणि एक उघडाबागडा म्हातारा पोटात नळी असताना म्हणाला, तूच गो. तेवढ्याने तिचा हात सुटला होता. एवढी ती रिकामी झाली होती की एका शब्दाने काटा हलावा.

चौथी बाजू: ४.०

चारांची सरासरी. विझलेलं परत धरून. भरलेल्या कुपीच्या मोजमापाने भागून. तिने कागदावर केलं, मग यंत्रावर केलं, मग पुन्हा कागदावर. एकोणीस टक्के मागे राहिलं होतं. गाठीला दोनशे दहा ग्रे इतका किरणांचा डोस द्यायचा ठरला होता, कागदावर दोनशे सहा गेले होते, प्रत्यक्षात एकशे सत्तर. खात्याचा नियम होता की तफावत वीस टक्क्यांच्या वर गेली तर लेखी वर कळवायचं, समिती बसते, रोग्याला बोलावून सांगतात. एकोणीस. तिने मीटर पुन्हा उचलला आणि चारही बाजू परत वाचल्या. बुद्धभूषणला वाटलं ती खात्री करतेय. खरं तर ती एकवीसची वाट बघत होती. एकवीस आलं असतं तर बोलण्याचं काम नियमाने केलं असतं. एकोणीसच आलं.

डॉक्टर हितेंद्र वरच्या मजल्यावर आपल्या केबिनमध्ये घाईने डबा खात होते. तिच्याहून दहा वर्षांनी लहान, हाताला हलके, आणि नेहमी बसा म्हणणारे. ‘‘बसा ना मॅडम. वांग्याचं भरीत आहे, घ्या.’’ तिने कागद पुढे केला. त्यांनी खाता खाता वाचला, मग खाणं थांबवून पुन्हा वाचला.

‘‘हं. पण मॅडम, एक सांगू? वीस टक्के म्हणजे आपल्या पद्धतीतच तेवढी चूक असते. गाठीचं वजन आपण स्कॅनवरून धरतो. मणी सगळीकडे सारखे पसरले असं धरतो. ते थोडंच खरं असतं?’’

‘‘ते कुणालाच माहीत नसतं. हे मला माहीत आहे.’’

‘‘मणी गेल्यानंतरचा फोटो छान आलाय.’’

‘‘कुठे गेलं ते दिसतं त्यात. किती गेलं ते नाही.’’

‘‘बरं, मग काय करायचं म्हणता? म्हाताऱ्याला बोलावून सांगायचं? घाबरेल. एकटा आहे, बायको गेलीय त्याची. तीन महिन्यांनी स्कॅन आहेच. गाठ आकसली तर विषयच मिटला.’’

‘‘आणि नाही आकसली तर?’’

‘‘नाही आकसली तर... होतं तसं काही जणांना. दाद देत नाही गाठ.’’

‘‘तसं लिहाल तुम्ही. गाठीने दाद दिली नाही. मग हे उपचार बंद करून दुसरं काहीतरी सुरू कराल.’’ कालिंदीचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. ती या खोलीत एवढं सलग कधी बोलली नव्हती. ‘‘तिने दाद दिली की नाही ते कळायला तिला मिळायला तर हवं ना. तिला पुरतं मिळालंच नव्हतं. आणि ते फक्त बरणीला माहीत होतं.’’

हितेंद्रांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ‘‘तुमची सही आहे त्यावर,’’ ते हळू म्हणाले. धमकी नव्हती, काळजीच होती बहुतेक. ‘‘चार चौकटींत एकच आकडा. कुणी विचारलं तर काय सांगणार?’’

‘‘एकदाच मोजलं म्हणून.’’

त्यांनी मान हलवली, हो अशी की नाही अशी ते कळलं नाही. मग म्हणाले, ‘‘लिहा तुम्ही. मी सही करतो. फक्त त्याला सांगायचं ते तुम्ही सांगा. मला ते जमत नाही.’’

जुनी पानं फाडायची नसतात. कालिंदीने चार आकड्यांवर एकेक रेघ मारली, वाचता येतील अशी, खाली नवे चार लिहिले, तारीख घातली, कारणाच्या जागी ‘बरणी फिरवली नव्हती’ असं लिहिलं. चोवीस वर्षांत त्या फॉर्मवर कारणाची जागा आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

शनिवारी दुपारी ती परळहून चालत निघाली. उड्डाणपुलाखालून सावली धरून, भारतमाता थेटराच्या चौकातून पुढे. लालबागला ती दोन वर्षांत आली नव्हती. दहा मिनिटांचं अंतर, पण ती रोज दुसऱ्या बाजूने घरी जात असे. मसाला गल्लीच्या तोंडाशी नाकात ते गेलंच. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचंच होतं, तिने नीट तपासून पाहिलं. गुणाजींची चाळ पलीकडे, तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली. दार सताड उघडं. पट्ट्यापट्ट्याचा लेंगा आणि गंजी घालून ते कॉटवर बसले होते, आणि कॉटपासून काही अंतरावर जमिनीवर खडूने एक सरळ रेघ ओढलेली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. रेघेच्या अलीकडे दाराच्या बाजूला एक खुर्ची.

‘‘थंयसरच बस,’’ ते म्हणाले. तिला बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. ‘‘रेषेच्या हय येव नको. तुमीच कागद दिलास ना, एक मीटर म्हणान.’’

हॉस्पिटलचा कागद कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलेला होता. कालिंदीने रेघेकडे पाहिलं. तिच्या सरावलेल्या डोळ्याला कळलं, बरोबर एक मीटर.

‘‘कशाने मोजलंत?’’

‘‘डोळ्यान. मिलात घडी खात्यात पस्तीस वर्सां कापड मोजलंय गो. माका मीटर शिकवतंस?’’ ते हसले. ‘‘शेजारची पोरा येयत, ती बंद केलंय. मनू, माझी बायल, गेली तेच्यानंतर तीच काय ती येयत हुती. आता मी एकटोच आसंय. कोणापासून लांब ऱ्हव? पण नेम तो नेम.’’

‘‘तीन दिवस लिहिलंय त्यात. आज पाचवा आहे.’’

‘‘मी आठ पाळतलंय. ज्यास्त झाला तर काय बिघाडता?’’

रेघेच्या या बाजूला बसून कालिंदीने सांगितलं. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती ती तिने वापरली नाहीत. मंगळवारी तुमच्या अंगात जायचं होतं त्यातलं थोडं नळीतच राहिलं, ती म्हणाली, शंभरातलं एकोणीस. आणि मी ते नीट मोजलं नाही. बरणी चार बाजूंनी बघायची असते. मी एकाच बाजूने बघितली आणि चारही लिहून टाकल्या.

‘‘कित्याक?’’

‘‘लक्ष नव्हतं.’’

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. बाहेर गॅलरीत कुणीतरी बादली सरकवली. ‘‘माझ्या बोलण्यार गेला लक्ष? आवशीचा काढलंय म्हणान?’’

‘‘नाही,’’ कालिंदी म्हणाली. हे ती कुठल्याच चौकटीत लिहिणार नव्हती.

गुणाजींनी खिळ्याला टांगलेल्या कागदाकडे पाहिलं. मग त्यांच्या पोटातून ते खुदखुदणं वर आलं. ‘‘म्हणजे माझी घट काढलंस! आवशीर गेलंस गो तू, आवशीर गेलंस.’’ ते हसता हसता उजव्या बरगडीखाली हात दाबून थांबले. हात तिथेच राहिला. हसू गेलं तरी चेहरा थोडा वेळ हसण्याच्या आकाराचाच होता. ‘‘मगे? कमी पडतला?’’

‘‘माहीत नाही. पुरेलही. तीन महिन्यांनी कळेल. पण मी कागदावर लिहून ठेवलंय, डॉक्टरांची सही आहे. गाठ तशीच दिसली तर औषध लागू पडलं नाही असं आता कुणी म्हणणार नाही. राहिलेलं परत देता येईल.’’

‘‘परत घालूक येतला.’’

‘‘येईल. तब्येत बघून.’’

‘‘जून, जुलै, ऑगस्ट.’’ त्यांनी बोटं मिटली. ‘‘गणपतीच्या टायमाक.’’ एवढंच म्हणून ते उठले, मोरीशेजारच्या शेगडीवर चहा ठेवला. पाठीवर, गंजीच्या वर, हाडं दिसत होती. कालिंदीला त्यांच्या यकृताचं वजन पाठ होतं, गाठीचा आकार, वाहिनीच्या फांद्या. पाठ ती पहिल्यांदा बघत होती. ‘‘आई,’’ ती म्हणाली, आणि तिला पुढे काय विचारायचं ते सापडेना. ‘‘आई घेऊन जायची ते सगळ्यांना माहीत होतं?’’

‘‘सगळ्यांका.’’ त्यांनी वळून न बघता सांगितलं. ‘‘मनू तर मुद्दाम मुसळाक लागलेला पुसूक देय नसा. म्हणा, ऱ्हवांदे, सुभद्रेच्या चेडवाक व्हया.’’

ते चहाचा कप घेऊन रेघेपर्यंत आले, वाकून कप रेघेवर ठेवला आणि परत जाऊन कॉटवर बसले. मग कालिंदी खुर्चीतून उठली, पुढे गेली, कप उचलला, आणि परत येऊन बसली. पाचव्या दिवशी त्या अंतराला काही अर्थ उरला नव्हता. तिला ते इतरांहून जास्त माहीत होतं. पण त्यांनी इतक्या सांभाळून कप ठेवला होता की तिला सांगवेना. चहात साखर फार होती. दोघं एक मीटर अंतरावरून चहा प्यायले. कॉटखाली एक चिनीमातीची बरणी होती, तिच्या तोंडाला नवं कोरं फडकं सुतळीने घट्ट बांधलेलं. तिने बघितली. त्यात काय आहे ते विचारलं नाही.

‘‘पोरांना येऊ दे आता,’’ दारातून ती म्हणाली. ‘‘मी सांगते म्हणून. चालेल.’’

‘‘आठ दिवस होवंदेत.’’

‘‘बरं.’’

‘‘आणि तू येतंस ना गो स्कॅनाक? चारय बाजून बघ मगे.’’

येते, ती म्हणाली. जिन्यात अंधार होता. ती कठड्याला धरून, पायऱ्या मोजत उतरली, आणि कितव्या पायरीला आकडा सुटला ते तिच्या लक्षात आलं नाही.

त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी गुणाजींनी डंखावर, सात बायकांमध्ये स्टुलावर बसून, मसाला कांडून घेतला होता. पाच किलो, वर्षभराचा.